बातम्या देणारा निवृत्त झाला, तर आपल्याला का चुटपुट लागते?

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळ, राहायला गेलो होतो. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या टीव्हीवर बातम्या देणारे एक वयस्कर गृहस्थ निवृत्त झाले. त्या आठवड्यात दुकानात, वाचनालयात, शेजारीपाजारी दुसरा विषय नव्हता. शेजारच्या आजींच्या तर डोळ्यांना पाणी. ना मंत्री, ना नट, ना खेळाडू. बातम्या वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या निवृत्तीचं एवढं काय असतं? – एक वाचक, ठाणे

ते गृहस्थ म्हणजे जिम गार्डनर. फिलाडेल्फियाच्या सहा नंबरच्या वाहिनीवर, डब्ल्यूपीव्हीआयवर, ‘ॲक्शन न्यूज’ या बातमीपत्राचे ते मे १९७७ पासून मुख्य निवेदक होते. २१ डिसेंबर २०२२ ला संध्याकाळी सहाच्या बातम्या दिल्या आणि त्यांनी खुर्ची सोडली. मधली वर्षं साडेपंचेचाळीस. वर्षाला अडीचशे दिवस धरले तरी अकरा हजारांच्या वर संध्याकाळी होतात. सख्ख्या भावाशीही आपलं आयुष्यात इतक्यांदा बोलणं होत नाही.

पण नुसत्या संख्येने डोळे भरून येत नाहीत. लोकलच्या फलाटावरची घोषणा आपण याहून जास्त वेळा ऐकतो, आणि तो आवाज बदलला तर दोन दिवसांत विसरूनही जातो. निवेदकाच्या बाबतीत तसं होत नाही, याची कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण नजरेचं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्ये ‘सायकायट्री’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. टीव्ही तेव्हा नवा होता. त्यांचं म्हणणं असं, की नाटकातला नट दुसऱ्या नटाशी बोलतो, पण टीव्हीवरचा निवेदक थेट आपल्याशी बोलतो. आपल्या डोळ्यांत बघतो, आपल्याला नमस्कार करतो, ‘पुन्हा भेटू’ म्हणतो आणि सांगितलेल्या वेळेला खरोखरच भेटतो. यातून दुरून जुळलेली एक जवळीक तयार होते. ही जवळीक एकतर्फी आहे हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं, तरी ती तयार होते. पुढे कॅमेऱ्याच्या भिंगासमोर तिरकी काच बसवून तिच्यावर बातमीचा मजकूर दाखवायची सोय सर्रास झाली आणि निवेदकाला खाली कागदात बघायचीही गरज उरली नाही. अर्धा तास कुणीतरी नजर न हलवता आपल्याकडेच बघून बोलतं आहे, असं घरातल्या घरातही क्वचितच घडतं.

दुसरं कारण वाईट दिवसांचं. २८ मार्च १९७९ ला हॅरिसबर्गजवळ थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. फिलाडेल्फियापासून हे ठिकाण सुमारे दीडशे किलोमीटरवर. घर सोडायचं की थांबायचं, हे लोक त्या आठवड्यात टीव्ही पाहून ठरवत होते. १३ मे १९८५ ला शहराच्या पोलिसांनी ‘मूव्ह’ नावाच्या गटाच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बाँब टाकला. पाच मुलांसह अकरा माणसं गेली आणि एकसष्ट घरं जळून खाक झाली. अशा रात्री जो माणूस समोर बसून शांतपणे काय झालं ते सांगतो, तो लोकांच्या लेखी नुसता वाचून दाखवणारा राहत नाही. १९८३ मध्ये याच बातमीपत्रात हवामान सांगणारे जिम ओब्रायन विमानातून उडी मारण्याच्या हौसेपायी अपघातात गेले. ती बातमी त्यांच्याच सहकाऱ्यांना द्यावी लागली. त्या रात्री निवेदक आणि प्रेक्षक एकाच सुतकात होते.

तिसरं कारण वयाचं. गार्डनर त्या खुर्चीत बसले तेव्हा तिशीच्या आत होते, उठले तेव्हा चौऱ्याहत्तरीचे. ज्या मुलीने १९७७ साली गृहपाठ करता करता त्यांचा आवाज ऐकला, ती २०२२ पर्यंत पन्नाशी ओलांडून गेली होती. मधल्या काळात तिचं घर बदललं, शाळा सुटली, आईवडील थकले किंवा गेले. संध्याकाळी सहाला लागणारी ती बातमीपत्राची धून आणि तो चेहरा तेवढा जागच्या जागी राहिला. तो उठून गेला की मधली वर्षं एकदम मोजावी लागतात. तुमच्या शेजारच्या आजींनी गार्डनरांसाठी डोळे पुसले, त्यात स्वतःच्या संध्याकाळींचाही हिशेब असणार.

प्रश्न : पण हे अमेरिकेतच एवढं का? आणि तिथले निवेदक चाळीस-पन्नास वर्षं एकाच ठिकाणी टिकतात तरी कसे?

याचं उत्तर तिथल्या टीव्हीच्या रचनेत आहे. अमेरिकेतला टीव्हीचा बाजार २१० प्रादेशिक तुकड्यांत विभागलेला आहे. प्रत्येक तुकड्यात एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स या मोठ्या जाळ्यांशी जोडलेली स्थानिक केंद्रं असतात. मालिका आणि देशाच्या बातम्या वरून येतात. शहराच्या बातम्या मात्र केंद्र स्वतः करतं, संध्याकाळी पाच-सहाला आणि पुन्हा रात्री दहाला किंवा अकराला. कुठला पूल बंद आहे, बर्फामुळे उद्या कुठल्या शाळांना सुटी आहे, नगरपालिकेत काय शिजतंय, आपला संघ जिंकला की हरला, हे सगळं त्यात येतं. निवेदक त्याच गावात राहतो, त्याच दुकानात भाजी घेतो, गावच्या मिरवणुकीत उघड्या मोटारीतून हात हलवत जातो आणि रक्तदान शिबिराचं उद्घाटनही करतो. लहान शहरांतले निवेदक दोन-तीन वर्षांत मोठ्या शहराकडे पळतात. मोठ्या शहरात एकदा जम बसला, की केंद्र त्यांना सोडत नाही, कारण बातम्या कुठे पाहायच्या हे प्रेक्षक बहुतेकदा चेहऱ्यावरून ठरवतात.

म्हणूनच तिथे थक्क करणारे आकडे दिसतात. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचे डेव्ह वॉर्ड १९६६ मध्ये केटीआरके या केंद्रात बातमीदार म्हणून लागले आणि मे २०१७ मध्ये त्यांनी अखेरचा निरोप घेतला. एकाच बाजारात, एकाच केंद्रावर सर्वांत दीर्घकाळ काम केलेले निवेदक म्हणून त्या वेळी त्यांचं नाव गिनेस बुकात गेलं. ‘गुड ईव्हनिंग, फ्रेंड्स’ हा त्यांचा नमस्कार ह्यूस्टनमध्ये इतका ओळखीचा, की पुढे आठवणींच्या पुस्तकालाही त्यांनी तेच नाव दिलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराचे डॉन अलहार्ट ६ जून १९६६ ला नोकरीला लागले आणि ६ जून २०२४ ला निवृत्त झाले. एका केंद्रावर तारखेला तारीख जुळवून अठ्ठावन्न वर्षं! न्यूयॉर्क शहरात डब्ल्यूएनबीसीचे चक स्कारबरो १९७४ ते डिसेंबर २०२४ अशी पन्नास वर्षं टिकले.

या जिव्हाळ्यात केंद्रांचा हिशेबही आहे, हे विसरून चालणार नाही. योगायोग असा, की अमेरिकेतल्या स्थानिक बातम्यांचे दोन गाजलेले साचे फिलाडेल्फियातच घडले. १९६५ मध्ये केवायडब्ल्यू केंद्रावर अल प्रिमो यांनी ‘आयविटनेस न्यूज’ सुरू केलं. बातमीदारांना पडद्यावर आणायचं, त्यांनी निवेदकाशी गप्पा मारल्यासारखं बोलायचं, हा त्यातला मुख्य बदल. १९७० मध्ये समोरच्या केंद्राने ‘ॲक्शन न्यूज’ काढलं, छोट्या आणि वेगवान बातम्यांचं. निवेदक, हवामानवाला आणि खेळवाला यांच्यातली थट्टामस्करी, शहरभर लावलेले हसऱ्या चेहऱ्यांचे फलक, ठरावीक धून, हे सगळं ‘ही आपली माणसं’ असं वाटावं म्हणूनच रचलेलं होतं. जिव्हाळा रचलेला असला, तरी अपघाताच्या रात्री तो उपयोगी पडला. म्हणून प्रेक्षकांच्या भावनेला खोटं म्हणता येत नाही.

प्रश्न : निरोपाच्या वेळी प्रेक्षक नक्की काय म्हणतात? ‘छान बातम्या दिल्यात’ यापलीकडे काही असतं का?

गंमत इथेच आहे. अशा वेळी आलेली पत्रं आणि निरोप वाचले, तर बातम्यांविषयी फार कमी असतं. लोक स्वतःविषयी लिहितात. आजोळी जेवणाच्या टेबलावर तुमचा आवाज असायचा. वडील बातम्या सुरू झाल्या की कुणाला बोलू द्यायचे नाहीत. परदेशातून या शहरात आलो तेव्हा तुमच्याकडे बघून इंग्रजी शिकलो. आई शेवटचे महिने अंथरुणावर होती, तिला सहाच्या बातम्या तेवढ्या कळायच्या. मी सैन्यात होतो, सुटीवर घरी आलो की तुमचा आवाज कानावर पडला, म्हणजे घरी पोचलो असं वाटायचं. मग एखादा सांगतो, की वीस वर्षांपूर्वी तुम्ही मला दुकानात भेटला होतात, आणि टीव्हीवर दिसता त्याहून बुटके निघालात. टाय, मिशी, केसांचा भांग, हातवारे यांचा उल्लेख हमखास असतो.

थोडे नाराजही असतात. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायला एवढा पगार कशाला, असा एक सूर निघतो. एखाद्याला निवेदक अमुक पक्षाकडे झुकलेला वाटत आलेला असतो, त्याला सुटल्यासारखं होतं. काहींना नवा निवेदक आजच नकोसा वाटतो, त्या बिचाऱ्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं!

पण बहुसंख्य निरोपांचा सूर आठवणींचाच असतो, आणि माझ्या मते त्याचं कारण साधं आहे. या नात्यात वर्षानुवर्षं एकच माणूस बोलत आलेला असतो. मार्क लेव्ही या अभ्यासकाने १९७९ मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या बातम्या पाहणाऱ्यांविषयी लिहिलं, त्यात निवेदकाने अभिवादन केलं की घरातून उलट अभिवादन करणारे प्रेक्षकही होते. म्हणजे उत्तर द्यायची इच्छा पहिल्यापासूनच असते, पण ते ऐकणारं पलीकडे कुणी नसतं. निवृत्तीच्या दिवशी ते बदलतं. त्या दिवशी केंद्र पत्रं मागवतं, ती पडद्यावर वाचली जातात, ज्याला आपण इतकी वर्षं पाहिलं तो आपलं म्हणणं वाचणार असतो. तीस-चाळीस वर्षांचं तुंबलेलं बोलणं एका आठवड्यात बाहेर पडतं. दुकानात, वाचनालयात तुमच्या कानावर पडलं ते हेच उत्तर होतं.

प्रश्न : मग आपल्याकडे असं का दिसलं नाही? मुंबई दूरदर्शनच्या बातम्या तर आम्ही सगळे एकाच वेळी पाहत होतो.

प्रेम आपल्याकडेही तेवढंच होतं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. विश्वास मेहेंदळे हे तिथले पहिले वृत्तनिवेदक. पुढे अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे, चारुशीला पटवर्धन, ज्योती आंबेकर अशी नावं घरोघरी झाली. चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही असेल, त्यांच्या खोलीत पोरं जमिनीवर आणि मोठी माणसं दारात. वाहिनी एकच असल्यामुळे ‘कुठल्या बातम्या पाहता?’ हा प्रश्नच नव्हता. कुणाची साडी, कुणाचा चष्मा, कुणाचा ‘ण’ कसा स्वच्छ, यावर दुसऱ्या दिवशी कचेरीत चर्चा व्हायची. मराठीच्या शिक्षिका वर्गात सांगायच्या, ‘बातम्या ऐका, उच्चार सुधारतील.’

फरक होता व्यवस्थेचा. दूरदर्शनचे निवेदक बहुतेक हंगामी कराराचे, पाळी लावून येणारे. आज एक, उद्या दुसरा. कितीतरी जणांचा मुख्य व्यवसाय वेगळाच. भावे प्राध्यापक आणि बालसाहित्यिक, बर्वे रंगभूमीच्या, भिडे यांचा आवाज माहितीपट आणि जाहिरातींतूनही ऐकू यायचा. स्मिता पाटील यांना तर बातम्या देतानाच श्याम बेनेगल यांनी हेरलं आणि त्या सिनेमात गेल्या. खुर्ची कुणा एकाच्या नावावर नव्हती. त्यामुळे ती रिकामी होण्याचा दिवसही ठरलेला नव्हता. एखादा चेहरा दिसेनासा व्हायचा, आणि महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणायचं, ‘अरे, ते हल्ली येत नाहीत का बातम्यांना?’ सरकारी माध्यम असल्यामुळे निवेदकाला गावभर फलकांवर मिरवण्याची केंद्राला गरज नव्हती. निवेदकाचा निरोप ही स्वतःच बातमी व्हावी, हे तर त्या शिस्तीत बसणारंच नव्हतं.

दिल्लीतही तेच. सलमा सुलतान यांनी १९६७ पासून तीस वर्षं बातम्या दिल्या. केसांत कानामागे खोवलेला गुलाब ही त्यांची खूण. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या संध्याकाळी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी दूरदर्शनवरून देशाला त्यांनीच सांगितली. एवढा मोठा काळ डोळ्यांसमोर राहिलेल्या या बाईंचं नाव काढलं, की आजही लोक आधी त्या गुलाबाविषयी बोलतात.

परिणाम असा झाला, की आपल्याकडे प्रेक्षकांचं उत्तर उशिरा आलं, तेही बहुतेकदा श्रद्धांजलीच्या रूपात. भक्ती बर्वे १२ फेब्रुवारी २००१ ला अपघातात गेल्या, तेव्हा ‘ती फुलराणी’तल्या अभिनेत्रीबरोबर लोकांनी बातम्या देणाऱ्या भक्तीताईही आठवल्या. पुणे आकाशवाणीवर सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे २०१८ मध्ये गेल्या. त्यांच्या आवाजावर ज्यांनी शाळेचे डबे भरले आणि घड्याळं लावली, ती पिढी तेव्हा बोलती झाली. प्रदीप भिडे ७ जून २०२२ ला गेले. त्यानंतरच्या दिवसांत लोकांनी जे लिहिलं, ते फिलाडेल्फियातल्या पत्रांपेक्षा वेगळं नव्हतं : कुणाच्या घरी टीव्ही होता, कोण कुठे बसायचं, बातम्या संपल्यावर आई ताटं कशी मांडायची. फरक एवढाच, की गार्डनरांनी ते वाचलं, भिडे यांना वाचता आलं नाही.

चोवीस तासांच्या वाहिन्या आल्यावर गणित आणखी बदललं. दिवसभरात दहा चेहरे येऊन जातात, निवेदक वाहिन्या बदलतात, आणि पाहणाराही एका ठिकाणी ठरत नाही. खऱ्या अर्थाने स्थानिक बातम्या आपल्याकडे जिल्ह्याच्या गावांत केबलवर चालतात. पाणी कधी येणार, यात्रेला वाहतूक कुठून वळवली, बाजार समितीत काय झालं, हे तिथे कळतं. तिथली निवेदिका बसस्टँडवर दिसली, तर लोक तिला थांबवून बोलतात. अमेरिकेतल्या प्रकाराशी आपल्याकडचं सगळ्यात जवळचं नातं हे आहे.

प्रश्न : न भेटलेल्या माणसासाठी असं वाईट वाटणं हे एकटेपणाचं लक्षण तर नाही ना? घरात मला यावरून चिडवतात.

चिडवू द्या, काळजीचं कारण नाही. एखादा चेहरा पुन्हा पुन्हा दिसला की तो आवडू लागतो, हे रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवलं होतं. आवडलेली गोष्ट गेली की रुखरुख लागणं हे त्याच्या पुढचं पाऊल.

पडद्यावरचं माणूस कायमचं गेलं तर काय वाटतं, हा प्रश्न इस्रायलमधले अभ्यासक जोनाथन कोहेन यांनी हाती घेतला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी प्रेक्षकांना विचारलं, की तुमचं आवडतं पात्र उद्यापासून दिसणार नसेल तर? खऱ्या नात्यांत ज्यांना ‘हा माणूस मला सोडून जाईल’ अशी धास्ती असते, त्यांनाच इथेही जास्त त्रास होईल असं दिसलं. म्हणजे मन पडद्यावरच्या नात्यालाही नात्याच्याच मापाने मोजतं. त्याच वर्षी मे महिन्यात ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका संपली. तेव्हा केरेन इयाल आणि कोहेन यांनी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. दुःख होतं, पण प्रत्यक्ष नातं तुटल्यावर होतं त्यापेक्षा कितीतरी सौम्य. ते कुणाला जास्त झालं, यात त्या पात्राशी किती जवळीक होती याचा वाटा मोठा होता आणि एकटेपणाचाही काही वाटा होता. म्हणजे चिडवणारे अगदीच चुकीचे नाहीत, पण पूर्ण बरोबरही नाहीत.

केंद्रांनाही हे कळतं. म्हणून शहाणी केंद्रं निवेदकाला एकदम काढून घेत नाहीत. गार्डनरांनी आपला निर्णय वर्षभर आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, सांगितला. आधी रात्री अकराच्या बातम्या सोडल्या, सहाच्या मात्र आणखी वर्षभर दिल्या. प्रेक्षकांना त्यांच्याशिवाय झोपायची सवय आधी झाली, त्यांच्याशिवाय संध्याकाळ घालवायची नंतर.

प्रश्न : आणि निरोपाची संधीच दिली नाही तर?

तर हेच प्रेम संतापाचं रूप घेतं. याचं ठळक उदाहरण कॅनडातलं आहे आणि ते एकाच खुर्चीचं आहे. सीटीव्हीच्या राष्ट्रीय बातम्यांचे लॉइड रॉबर्टसन पस्तीस वर्षं तिथे होते. २०११ मध्ये वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी ते मानाने निवृत्त झाले. त्यांच्यानंतर लिसा लाफ्लाम आल्या. त्यांचीही त्या वाहिनीत पस्तीस वर्षं झाली होती. करोनाच्या काळात त्यांनी केस रंगवणं थांबवलं आणि करड्या केसांनी त्या बातम्या देऊ लागल्या. १५ ऑगस्ट २०२२ ला त्यांनी स्वतःच एका चित्रफितीतून सांगितलं, की मालक कंपनीने आपला करार संपवला आहे. तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. कंपनीने व्यवसायाचं कारण दिलं, प्रेक्षकांनी मात्र लगेच केसांकडे बोट दाखवलं. देशभर आरडाओरडा झाला. साबणापासून बर्गरपर्यंतच्या कंपन्यांनी करड्या केसांच्या बाजूने जाहिराती काढल्या. लोकांना निवेदिका गेल्याचा राग होताच, पण निरोप घेऊ दिला नाही याचा जास्त होता.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. वर जी पन्नास वर्षांची नावं सांगितली, ती सगळी पुरुषांची आहेत. न्यूयॉर्कला स्कारबरो यांच्या शेजारी १९८० पासून स्यू सिमन्स बसत. बत्तीस वर्षं ही जोडी शहराने पाहिली. २०१२ मध्ये वाहिनीने सिमन्स यांचा करार वाढवला नाही, स्कारबरो पुढे आणखी बारा वर्षं राहिले. त्याआधी १९८१ मध्ये कॅन्सस सिटीच्या एका केंद्राने छत्तीस वर्षांच्या क्रिस्टीन क्राफ्ट यांना निवेदकपदावरून हटवलं. त्यांना सांगितलेलं कारण असं, की प्रेक्षकांच्या मते त्या वयस्कर आहेत, दिसायला बऱ्या नाहीत आणि पुरुषांपुढे पुरेशा नमत नाहीत. त्या कोर्टात गेल्या. ज्यूरीने दोनदा त्यांच्या बाजूने कौल दिला, पण वरच्या न्यायालयात तो टिकला नाही. तेव्हा ‘प्रेक्षकांची प्रतिक्रिया’ म्हटलं की नेहमी फुलंच समजायची नाहीत. तिचं नाव पुढे करून माणसं घरीही बसवता येतात.

प्रश्न : आम्ही लहानपणापासून ज्यांच्या बातम्या ऐकल्या, त्या निवेदिका आता घरीच असतात असं कळलं. पत्र लिहावं का? आणि त्यात लिहायचं काय?

जरूर लिहा, आणि निमित्ताची वाट पाहू नका. आपल्याकडे निवृत्तीचा दिवस ठरलेला नसतो हे वर पाहिलंच, त्यामुळे निमित्त मिळतं ते नको तेव्हा. घरचा पत्ता शोधत बसू नका. ज्या केंद्रावर त्या होत्या, तिथल्या वृत्तविभागाच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने पाठवा.

लिहायचं काय, तर विशेषणं टाळा. ‘भारदस्त आवाज’, ‘ओघवती वाणी’ हे त्यांनी सत्काराच्या शालींबरोबर पुष्कळ ऐकलेलं असतं. एकच खरी गोष्ट सांगा : कुठल्या गावात, कुणाच्या घरात, कोण कोण बसून ऐकत होतं आणि कुठली बातमी त्यांच्या तोंडून ऐकल्याचं तुम्हाला अजून आठवतं. स्टुडिओत बसून कॅमेऱ्याकडे बघणाऱ्याला समोर फक्त दिवे आणि काच दिसते. पलीकडच्या खोलीत कोण होतं, हे त्यांना तुमच्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकत नाही. पत्र एका पानात बसवा, स्वतःचा पत्ता स्वच्छ अक्षरात घाला, आणि उत्तराची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. बोलायची पाळी पुन्हा त्यांची आहे.